धारेवर दोन जागा

ता. ११ जानेवारी

चि. चष्मेबहाद्दर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राला सुरुवात कशी करावी यातच दोन दिवस गेले. कोर्टाचा निकाल लागून आठ महिने होत आले. कागदोपत्री आता तू माझा जावई नाहीस आणि मी तुझा सासरा नाही. पण आशीर्वाद द्यायला कोर्टाची परवानगी लागत नाही असं मला वाटतं, म्हणून दिले आहेत. नको असतील तर परत पाठव.

फोन केला असता. पण जन्मभर लिफ्टच्या मोटारींच्या खोलीत काढल्यावर माझ्या कानांनी राजीनामा दिलाय, हे तुला ठाऊकच आहे. तू बोलणार हळू, मी ओरडणार, आणि बातमी सगळ्या इमारतीला. त्यापेक्षा पत्र बरं.

मी ठीक आहे. बाईसाहेब त्यांच्या जुन्या खोलीत राहतात. इस्पितळात सकाळची पाळी असते आणि संध्याकाळी घरी आल्या की माझ्या उजव्या गुडघ्याला धारेवर धरतात. लेक फिजिओथेरपिस्ट असली की बापाला फी पडत नाही, पण बोलणी खावी लागतात. परवा गुडघा तपासून म्हणाली, की या वर्षी बऱ्यापैकी चढता येईल, पुढच्या वर्षाचं काही सांगू नये. ती जिन्याबद्दल बोलत होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती लांब डोंगरधार उभी राहिली.

आपण ज्या ज्या टेकडीवर गेलो तिथून ती दिसायचीच. डबा उघडताना दर वेळी म्हणायचो, एकदा हिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. आणि दर वेळी काहीतरी आडवं आलं. या एप्रिलात जाऊ या का? चढायचं एका खोऱ्यातून, उतरायचं दुसऱ्या खोऱ्यात, मध्ये एक मुक्काम. गाडीचं आणि राहण्याचं कसं जमवायचं, तिथे माझं घोडं पेंड खातंय. तू नकाशे वाचणारा माणूस. जरा डोकं चालव.

बाईसाहेबांना अजून बोललो नाही.

येणं-जाणं थांबलं तरी माया थांबवू नये, एवढंच मागणं.

बाबा


ता. १९ जानेवारी

ती. स्व. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आशीर्वाद मिळाले. परत पाठवत नाही.

मी दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. खाली दिवसभर भिंगं घासण्याचं यंत्र चालतं, त्याची थरथर माझ्या पलंगापर्यंत पोचते. स्वयंपाक शिकलो, म्हणजे अंडी उकडतो आणि पाव भाजतो. मालक चांगले आहेत. गिऱ्हाईक कमी असलं की चष्म्याच्या काड्या वाकवत तेही गप्प बसतात आणि मीही.

खरं सांगायचं तर तुम्हाला नाही म्हणायचं म्हणूनच कागद पुढे ओढला होता. तिला न विचारता हे ठरवणं मला बरं वाटत नाही. पण लिहायच्या आधी सहज नकाशा उघडला आणि तिथेच फसलो.

जंक्शनपर्यंत रेल्वे आहे. तिथून पूर्वेच्या पायथ्याला बस जाते, पण फक्त बाजाराच्या दिवशी, शनिवारी सकाळी. म्हणजे शनिवारी चढायचं, धारेवर राहायचं, रविवारी पश्चिमेला उतरायचं. आता गंमत अशी, की पश्चिमेच्या गावातून रविवारी बस नाही. तिथल्या एका जीपवाल्याशी बोललो. तो न्यायला येईल म्हणाला, पण आपण नक्की किती वाजता उतरू ते त्याला आधी हवं. मी म्हटलं, आमच्याबरोबरच्या एका गुडघ्याला विचारून सांगतो. त्याने फोन ठेवला.

राहण्याचं मात्र सोपं आहे. धारेच्या मध्यावर वनखात्याचा एक निवारा आहे. दोन खोल्या, एकावर एक असे पलंग, पावसाच्या पाण्याची टाकी. एक राखणदार बाई तिथे असतात. जागा आधी सांगून ठेवावी लागते.

पण आधी तिला सांगा. मग पुढचं बोलू.

आपल्या मनात जी जागा आहे ती तशीच असू द्यावी.

आपला,
चष्मेवाला


ता. २७ जानेवारी

चि. चष्मेबहाद्दर यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राने दोन दिवस भूक वाढली. बाईसाहेबांनी विचारलंही, एवढं काय झालंय. मी हवा थंड आहे म्हणून सांगितलं.

गाडीवर माझ्याकडे तोड आहे. माझ्या हाताखाली शिकलेला एक जण आता स्वतःच्या लिफ्टचा ठेकेदार झालाय. त्याच्याकडे एक जुनी व्हॅन आहे, दोरखंड आणि ग्रीसच्या वासासकट. ती शुक्रवारीच पश्चिमेच्या गावात नेऊन उभी करायची. मग रविवारी कितीही उशिरा उतरलो तरी आपली गाडी आपल्यापुढे हजर. एवढा विचार करून मी खूश झालो, आणि मग लक्षात आलं, की व्हॅन तिथे सोडल्यावर आपण शनिवारी पूर्वेला पोचायचं कसं? वाघ, शेळी आणि गवताच्या पेंढीचं कोडं आहे हे. त्यात गवत तू आणि शेळी मी.

तेव्हा व्हॅन त्यानेच चालवावी. आपल्याला पूर्वेला सोडावं, डोंगराला वळसा घालून पश्चिमेला जावं आणि तिथे रविवारपर्यंत झोपा काढाव्यात. तो एका पायावर तयार आहे. म्हणतो, तुम्ही मला जन्मभर माळ्यावर चढवलंत, आता मी तुम्हाला डोंगरावर चढवतो.

निवाऱ्यात मला खालचा पलंग लागेल. घोरण्याबद्दल राखणदार बाईंना आधीच कल्पना दे, नाहीतर जीपवाल्यासारख्या त्याही फोन ठेवतील. गुडघ्याला बाशिंग बांधायचं वय गेलं, आता पट्टा बांधतो. व्यायाम दुप्पट केलाय. बाईसाहेबांना संशय आलाय असं वाटतं. सांगतो त्यांना. योग्य वेळ बघतोय.

तुझ्याकडच्या अंड्यांना माझा नमस्कार. लोभाला खळ पडू देऊ नकोस.

बाबा


ता. ६ फेब्रुवारी

ती. स्व. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

व्हॅनची कल्पना उत्तम. तुम्ही शेळी असाल तर मात्र अशी शेळी कुठल्या नावेत मावायची नाही.

राखणदार बाईंशी बोललो. वयस्क आहेत, कोंबड्या पाळतात, आवाज खणखणीत आहे. तुमचं आणि त्यांचं फोनवरसुद्धा जमेल. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी दोन जागा धरून ठेवायला सांगितल्या आहेत. एक खालची, एक वरची. पांघरुणं तिथे आहेत, उशा नाहीत. मी घोरण्याचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, वाऱ्यापुढे कुणाचं काही ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवसाच्या वाटेत दोन खिंडी आहेत. दुसरी उतरायला अवघड आहे असं त्या म्हणाल्या. काही झालंच तर निवाऱ्याच्या जरा पलीकडून एक बाजूची वाट सरळ खाली येते, म्हणजे अडकून पडायची भीती नाही.

बाबा, जागा पक्क्या करायच्या आधी तिला सांगा. मी हे तिसऱ्यांदा लिहितोय असं वाटतं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

लोभ जपावा, आणि गुडघाही.

आपला,
चष्मेवाला


ता. १४ फेब्रुवारी

चि. चष्मेबहाद्दर यास,
अ. उ. आ.

सांगितलं. आणि उगाच एवढा घाबरत होतो असं झालं.

परवा जेवणं झाल्यावर ती संत्रं सोलत बसली होती. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. धार, व्हॅन, निवारा, तू. ती सोलायची थांबली नाही. गाडी कोण चालवणार, मुक्काम किती उंचीवर, एवढंच विचारलं. मग फोडी माझ्यापुढे ठेवल्या आणि उतरताना काठी कुठल्या हातात धरायची ते उभं राहून करून दाखवलं. शेवटी म्हणाली, की जा, तुम्हाला बरं वाटेल.

मी म्हणतच होतो, पोर शहाणी आहे. तुमचं जे झालं ते झालं, पण तिच्या मनात किल्मिष नाही. आता जागा पक्क्या कर. मी बूट बाहेर काढले आहेत.

इथला आनंद तिकडेही पोचो.

बाबा


ता. १७ फेब्रुवारी

न. वि. वि.

‘सप्रेम’ लिहिलं तर खोटं झालं असतं आणि ‘सादर’ लिहिलं तर तू हसला असतास, म्हणून नुसता नमस्कार. ‘तुम्ही’ लिहायचंही ठरवलं होतं. दोन ओळी लिहून फाडल्या.

बाबांनी डोंगराचं सांगितलं. मला काही वाटलं नाही असं त्यांना वाटलं, आणि मी ते तसंच वाटू दिलं. ते शीळ घालत बुटांना पॉलिश करत होते. आई गेल्यापासून मी त्यांची शीळ ऐकली नव्हती. त्या माणसाला मी नको कसं म्हणू? म्हणून तुला लिहितेय. तू नाही म्हण.

कारण सांगते. आई अंथरुणाला खिळली ती दोन वर्षं आठव. आठवडाभर बाबा कामावर, तू दुकानात, मी इस्पितळात, आणि आईजवळ पगारी बाई. रविवारी बाईला सुट्टी, म्हणून आईजवळ मी. आणि रविवारी तुम्ही दोघं डोंगरावर. आईच पाठवायची, हे मला माहीत आहे. पुरुषमाणसं घरात कोंडली की कावतात म्हणायची. संध्याकाळी तुम्ही उन्हाने लाल होऊन यायचात, आईच्या उशाशी बसून गमतीजमती सांगायचात, ती हसायची, आणि मी आत जेवण गरम करत असायची. कुणीही वाईट वागलं नाही. त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. आपण दोघं वेगळे झालो तेव्हा लोकांना कारण सापडेना, मलाही नीट सांगता येईना. मी एवढंच म्हणेन, की तू चांगला जावई होतास.

आता या घरात बाबा आणि मी आहोत. पुन्हा एक रविवार मी खिडकीत बसून तुम्हा दोघांची वाट बघायची, हे माझ्याने होणार नाही. क्षुद्रपणा वाटेल तुला. असू दे.

मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

कळावे, याहून अधिक काय लिहिणार.

मी


ता. २३ फेब्रुवारी

स. न. वि. वि.

मी ‘सप्रेम’ लिहिलंय. ते तू खोडलंस तरी चालेल.

तू म्हणतेस तसं करतो. क्षुद्रपणा मुळीच वाटला नाही. पत्र दोनदा वाचलं आणि दिवसभर एकाही चष्म्याचा नंबर नीट लागला नाही.

त्या दिवसांत तू एकदा म्हणाली होतीस, की डोंगर-बिंगर काही नको, बागेत जाऊन नुसतं तासभर बसू. पुढच्या रविवारी जाऊ, असं मी म्हणालो होतो. तो पुढचा रविवार आलाच नाही, आणि तू पुन्हा आठवणही केली नाहीस. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं होतं.

एक विनंती आहे. निवाऱ्यातल्या दोन जागा मी रद्द करत नाही. त्यांचे बूट बाहेर आलेत, ते परत कपाटात जाऊ नयेत. तू रजा काढ आणि तू जा. व्हॅन, मुक्काम, बाजूची वाट, सगळं मी त्यांना लिहून कळवतो. तुझ्याइतकी त्या गुडघ्याची माहिती मला नाहीच.

राग सरला नाही तरी चालेल, पण प्रकृतीला जप.

मी


ता. २४ फेब्रुवारी

ती. स्व. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

लिहायला जड जातंय. एप्रिलात मला जमणार नाही. मालक दुकान नव्या जागेत हलवताहेत. यंत्रं उतरवायची, कपाटं लावायची, भिंगांच्या पेट्या एकेक करून न्यायच्या. त्या आठवड्यात मी नसलो तर चालायचं नाही.

पण बेत मोडू नका. जागा धरलेल्या आहेत. राखणदार बाईंनी खालच्या पलंगाजवळ एक उंच स्टूल ठेवायचं कबूल केलंय, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार यायचा नाही. व्हॅनवाल्याशी मी बोललो आहे, त्याला पश्चिमेच्या गावात राहायला खोली बघून दिली आहे. सकाळी लवकर निघा, दुपारनंतर धारेवर वारा वाढतो. तिला घेऊन जा. तुमची लेक बरोबर असल्यावर तिसऱ्या कुणाची गरज नाही.

मोठ्या मनाने समजून घ्यावं.

आपला,
चष्मेवाला


ता. ५ मार्च

चि. चष्मेबहाद्दर यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दुकानं हलतात, मी नाही म्हणत नाही. मी पन्नास दुकानांत लिफ्ट बसवल्या, एकही दुकान हलवायला चष्मे लावणाऱ्या माणसाचे शनिवार-रविवार लागले नाहीत. पण असो.

तुझ्या आयुष्यात कुणी नवीन माणूस आलं असेल, आणि जुन्या सासऱ्याबरोबर हिंडणं त्यांना बरं वाटत नसेल, तर तसं सरळ लिहायचं होतं. मला आनंदच झाला असता. निदान झाला असं मी लिहिलं असतं.

बाईसाहेब आपणहून म्हणाल्या, की रजा मिळतेय, मी येते. तिला डोंगराची आवड नाही. बापाची दया आली असणार. जाऊ आम्ही.

तुझं चांगलं व्हावं, हे पहिल्यासारखंच.

बाबा


ता. २२ एप्रिल

स. न. वि. वि.

मीही लिहिलंय. खोडू नकोस.

जाऊन आलो. सांगण्यासारखं बरंच आहे, आणि तुला सांगणं भागच आहे.

व्हॅनवाल्याने पहाटे नेऊन सोडलं. चढ माझ्या अंदाजापेक्षा सोपा निघाला, बाबा माझ्या अंदाजापेक्षा चिवट. धारेवर पोचल्यावर दोन्हीकडची खोरी एकदम दिसली तेव्हा मी फक्त पायाखालची वाट बघत चालले. बाबा मात्र बोलत होते. हा ढग कसला, ती वाट कुठली, तो पक्षी कसा. मी त्यांच्या डाव्या बाजूने चालत होते आणि ते सगळं उजवीकडे बघून सांगत होते. तिकडे कुणी नव्हतं. त्यांना उजव्या कानाने बरं ऐकू येतं, म्हणून तू नेहमी उजवीकडून चालत असशील, हे माझ्या लक्षात यायला दुपार झाली. मग मी बाजू बदलली. त्यांना काही कळलं नाही, किंवा कळलं असेल.

राखणदार बाईंनी मला नीट निरखून पाहिलं. म्हणाल्या, स्टुलासाठी तीनदा फोन करणारा तो कुठे आहे? बाबा म्हणाले, आमचे जावई कामात अडकलेत. मी पाठीवरची पिशवी उतरवत राहिले.

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी सहज म्हणाले, की आई आजारी असताना निदान तुम्हाला दोघांना हा विरंगुळा होता. तेव्हा त्यांनी सांगितलं. दर रविवारी माथा जवळ आला की ते एका दगडाला पाठ लावून बसायचे आणि रडायचे. घरी आईपुढे रडता येत नसे, माझ्यापुढे तर नाहीच. तू पुढे निघून जायचास, हाकेच्या अंतरावर पाठमोरा उभा राहायचास, आणि ते उठून आले की डबा उघडायचास. एका शब्दाने कधी काही विचारलं नाहीस. आणि परतताना तुम्ही दोघं आईला सांगायला गमती जुळवत यायचात. त्यातल्या निम्म्या घडलेल्याच नसायच्या.

दोन वर्षं मला वाटत होतं, तुम्ही मजा करायला जाता. तू एकदाही सांगितलं नाहीस. ते त्यांचं गुपित म्हणून तू राखलंस, हे मला समजतं. पण मी तुझी बायको होते. मला सांगायला हवं होतंस. मी तुमच्याबरोबर आले नसते तरी जेवण गरम करताना मला निराळं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला होता. मी हट्टाने त्यांना बाजूच्या वाटेने खाली आणलं. धारेचा पुढचा अर्धा भाग राहिला. उतरताना मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं, तुला मीच नाही म्हणायला लावलं ते. ते थांबले, काठीवर रेलले, आणि मग म्हणाले, चल.

मी चुकले. पुढच्या ऋतूत तुम्ही दोघं जा. उरलेली अर्धी धार चाला. गाडीचं मी बघेन. मी खिडकीत बसणार नाही, माझं मी काहीतरी शोधीन. तू बाबांना पत्र लिही, ते तुझी वाट बघताहेत.

मनात काही ठेवू नकोस. मीही प्रयत्न करतेय.

मी


ता. १२ मे

चि. चष्मेबहाद्दर यास,
अ. उ. आ.

तुझं आनंदाने फुललेलं पत्र मिळालं. शरद ऋतूतला बेत वाचला. पश्चिमेकडून चढायचं, सावकाश, दोन मुक्काम करून. बारीकसारीक गोष्टींचा तू विचार केलायस. आधी तुझी माफी मागतो. नवीन माणसाबद्दल मी जे लिहिलं ते रागाच्या भरात लिहिलं. म्हाताऱ्याचं तोंड आणि पेन, दोन्ही सैल.

आता मुद्द्याचं. मी येत नाही.

गुडघ्याचं निमित्त सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नाही. मोठ्या डॉक्टरांनी जिनेसुद्धा मोजून चढायला सांगितलेत. लिफ्टमध्ये आयुष्य गेलं त्याला शेवटी लिफ्टच. पण गुडघा धडधाकट असता तरी मी आलो नसतो.

बाईसाहेबांनी परवानगी दिलीय, मनापासून दिलीय. पण धारेवर त्या पोरीबरोबर चालताना माझ्या ध्यानात आलं, की बत्तीस वर्षांत मी तिला घेऊन कुठे गेलोच नव्हतो. तिला शीळ घालता येते, हे मला परवा कळलं. तिला उंचावर भीती वाटते आणि तरी ती पुढे चालते, हेही परवाच. मुलगा नाही याची खंत तू घरात आलास तेव्हा गेली, आणि त्या आनंदात घरात मुलगी आहे याचा मला विसर पडला. तुझ्याबरोबर घालवलेला एकही रविवार मला परत करायचा नाही. पण जे आता उरलेत, ते तिचे आहेत. आम्ही सपाटीवरच फिरतो. परवा नदीकाठी गेलो होतो, ती उजवीकडून चालत होती.

तुमचं दोघांचं पुन्हा जुळेल अशी आशा मी काही दिवस मनात धरली होती. परवा विचारलंही. ती म्हणाली, की बाबा, आता आम्हाला एकमेकांची नीट ओळख झालीय, पण ती दोन वर्षं उशिरा.

एक कर. उरलेली अर्धी धार तू चालून ये. मला ती आता दिसायची नाही. पलीकडे काय आहे ते तेवढं लिहून कळव.

आता पत्रं कमी झाली तर माया कमी झाली असं समजू नकोस.

बाबा


ता. १९ ऑक्टोबर

ती. स्व. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं करून आलो.

व्हॅनवाला मला बाजूच्या वाटेच्या पायथ्याला सोडून गेला. भाडं घेईना, तुमची शपथ घातली तेव्हा घेतलं. रात्री निवाऱ्यात मी एकटाच होतो. बाईंनी खालचा पलंग दिला. तुमची चौकशी केली, तुमच्या घोरण्याने त्यांच्या कोंबड्या दोन दिवस बिचकल्या होत्या म्हणाल्या. वाऱ्याचं त्यांनी मला उगाच सांगितलं होतं.

सकाळी निघालो. पहिली खिंड सोपी आहे. दुसरीत खडक पायऱ्यांसारखा उतरत जातो, आणि तिने तुम्हाला तिथे नेलं नाही हे फार चांगलं केलं. त्यानंतर धार रुंद होते. दोन्हीकडे पिवळं गवत आणि अधूनमधून वाऱ्याने एका बाजूला झुकलेली झुडपं. दक्षिणेला आपल्या सगळ्या टेकड्या दिसल्या. इथून त्या अगदी लहान दिसतात, बाबा. कुठली कुठली, ते ओळखायलाही वेळ लागला.

शेवट तुम्हाला हवा होता. शेवट असा काही नाहीच. मी एखाद्या कड्याची वाट बघत होतो. धार हळूहळू खाली येते, गवताचं कुरण होतं, मग एक लाकडी फाटक लागतं आणि पलीकडे डांबरी रस्ता. आपण डोंगरावरून उतरलो हे फाटक लावून घेताना कळतं. रस्त्यापलीकडे दुसरं खोरं आहे, आपल्या खोऱ्यासारखंच. शेतं, एक शाळा, कपडे वाळत घातलेल्या गच्च्या.

व्हॅन यायला अवकाश होता. मी फाटकापाशी बसून डबा उघडला. दिवसभर बरंच काही पाहिलं होतं, एक पक्षी तर असा, की तुम्ही त्याच्यासाठी अर्धा तास थांबला असतात. मी थांबलो नव्हतो. दिवसभर मी कुठेच थांबलो नव्हतो. रस्ता संपवायचा म्हणून चालत होतो.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, की मला डोंगरांचं वेड आहे. तिलाही तेच सांगितलं, दर रविवारी, बूट घालता घालता. त्या फाटकापाशी बसून कळलं, की मला डोंगर काही फारसे आवडत नाहीत.

आपण सुखी असावं. लोभ वाढवावा असं म्हणायचा हक्क माझ्याकडे राहिलेला नाही, आहे तो असू द्यावा.

आपला,
चष्मेवाला